दोन बादल्या पाणी

विजेवरची गाडी दिवाळीत आली आणि पुढचे पाच महिने तिच्या खाण्यापिण्याची काळजी कुणाला वाटली नाही. पोर्चमध्ये पाण्याच्या मोटारीसाठी एक पंधरा अँपिअरचा पॉइंट होता. गाडीबरोबर मिळालेली केबल तिथं खोचायची, केबलच्या मधला विटेएवढा डबा खिळ्याला अडकवायचा, की रात्रभर हिरवा दिवा लुकलुकत राहायचा. "मोबाइल चार्ज करतो तशी गाडी," हे म्हणायचे. "उगीच भिंती फोडायला कशाला हव्यात?"

एप्रिलमध्ये एका पहाटे सडा घालायला बाहेर आले तर पोर्चमध्ये वास. तापलेल्या प्लॅस्टिकचा. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढल्यावर हा वास झोपेतही ओळखू येतो. बटण बंद केलं, प्लग ओढला, तर निघेना. निघाला तेव्हा सॉकेटच्या एका भोकाची कड भाजलेल्या पापडासारखी तपकिरी झाली होती, आणि तशीच फुगली होती.

गीझरही तेवढाच करंट ओढतो, तो का जळत नाही, असं ह्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. पण गीझर पंधरा मिनिटं चालतो आणि सॉकेटला उरलेला दिवस थंड व्हायला मिळतो. तीस युनिटांची बॅटरी पार रिकामी असली तर गाडी नऊ-नऊ तास सलग ओढत राहते. सॉकेटच्या आतली पितळी पत्ती जरा सैल झालेली, तिथं ओहमचा एक दशांश विरोध धरला आणि 15 अँपिअर, तर 15 गुणिले 15 गुणिले 0.1, म्हणजे साडेबावीस वॅट. पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न भिंतीत खुपसून रात्रभर चालू ठेवल्यासारखंच झालं की. हे सूत्र मी मुलींच्या एकतीस तुकड्यांकडून घोटून घेतलं. स्वतःच्या पोर्चमध्ये ते कधी लावून पाहिलं नव्हतं.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "आई, प्लगवालं आता बंद. हार्डवायर्ड वॉलबॉक्स घे, स्मार्ट." सासूबाई शेजारीच वाल सोलत बसल्या होत्या. वय शहाऐंशी, कान तीक्ष्ण.

"हार्डवायर्ड म्हणजे काय गं?"

"म्हणजे आई, प्लगच नाही. भिंतीतून आलेली तार थेट डब्याच्या आत स्क्रूनं आवळायची. मनात आलं म्हणून उचलून दुसरीकडे नेता येत नाही."

"हं. म्हणजे पहिली माहेरवाशीण होती, ही सून."

त्यानंतर महिनाभर मी बरंच काही वाचलं, पण याहून नेमकी व्याख्या मला कुठे सापडली नाही.

मुळात वॉलबॉक्स नावाच्या त्या भिंतीवरच्या डब्याला सगळे चार्जर म्हणतात हेच चूक आहे. तो काहीच चार्ज करत नाही. घरातली एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज घेऊन बॅटरीला लागणारी एकाच दिशेची डीसी करणारा खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. भिंतीवरचा डबा म्हणजे देवडीवरचा पहारेकरी. पण हा पहारेकरी ज्या पद्धतीनं काम करतो ते वाचून माझ्यातली निवृत्त मास्तरीण अक्षरशः खूश झाली. आपल्याकडच्या गाड्यांना जी टाइप-2 नावाची चार्जिंगची गन लागते, तिच्या तोंडात सात पिनांच्या जागा असतात. पाच जाड्या, वीज आणि अर्थसाठी. आणि दोन बारीक, फक्त बोलण्यासाठी. त्यातल्या एका बारीक पिनेवर डबा बारा व्होल्ट धरून बसलेला असतो. गन गाडीत बसली की गाडी आतला एक रेझिस्टर पुढे करते आणि बाराचे नऊ होतात, म्हणजे दारावरची कडी वाजली. आता डबा सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारी एक चौकोनी लहर पाठवायला लागतो, आणि त्या लहरीचा किती हिस्सा चालू आहे यावरून गाडीला कळतं की किती अँपिअर घ्यायची मुभा आहे. 53 टक्के चालू, तर 32 अँपिअर. 27 टक्क्यांच्या आसपास, तर 16. गाडी म्हणते ठीक, मी तयार. नऊचे सहा होतात. तेव्हा कुठे डब्याच्या आतला काँटॅक्टर, म्हणजे विजेनं ओढला जाणारा स्विच, 'खट्' करून बसतो आणि जाड्या पिनांत वीज येते. तोवर गनच्या तोंडात वीजच नसते. आमच्या त्या भाजलेल्या सॉकेटला असली रीतभात कुठली. बटण दाबलं की कोण आलंय न विचारता दार उघडं.

दुकानदार मात्र या सगळ्यात पडायला तयार नव्हता. तो 22 किलोवॉटचा डबा पुढे करत होता. "मॅडम, फ्यूचर प्रूफ है।" आमचं कनेक्शन सिंगल फेज, आणि गाडीतला चार्जर 7.2 किलोवॉटचा. पहारेकरी कितीही पैलवान असला तरी आतली वाट रुंद होत नाही. 230 व्होल्ट गुणिले 32 अँपिअर, 7,360 वॅट; एका फेजवर घरगुती डब्यांची मजल साधारण इथवरच. 11 आणि 22 किलोवॉटला तीन फेज लागतात आणि गाडीतही तशी सोय लागते.

खरं तर आम्हाला 7.2 तरी कशाला हवेत? दोन निवृत्त माणसं. इथं इंदुरात लोकमान्य नगरहून राजवाडा, बुधवारी खजराण्याचा गणपती, महिन्यातून दोनदा महूला नणंदेकडे. दिवसाला तीस किलोमीटर झाले तर खूप. एवढ्याला चार-पाच युनिटं पुरतात आणि ती जुन्या वेगानंही दीड तासात भरून निघतात. तरी मी 32 अँपिअरचाच घेतला, तारही 32 ची ओढली, आणि ॲपमध्ये जाऊन त्याला 16 वर बांधून ठेवलं. हे म्हणाले, "मग पैसे कशाचे दिले?" मी म्हटलं, थंड भिंतीचे. करंट निम्मा केला की तारेतली उष्णता निम्मी होत नाही, पाव होते. उज्जैन-ओंकारेश्वर असलं की आदल्या दिवशी 32 करायचं आणि परतल्यावर पुन्हा 16. वेगाची हौस ही घरच्या चार्जिंगमधली सगळ्यात निरुपयोगी हौस आहे असं माझं मत झालंय. गाडी दिवसाचे बावीस तास उभीच असते, तिला कुठली ट्रेन पकडायचीय.

तारेवरून इलेक्ट्रिशियनशी जुंपलीच. मीटरपासून पोर्चच्या भिंतीपर्यंत, वळणं धरून बावीस मीटर. तो म्हणाला, "मॅडम, सिक्स एमएम बहुत है। सब जगह वही डालते हैं।" मी वहीच काढली. सहा चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा विरोध किलोमीटरला तीन ओहमच्या थोडा वर. जायची आणि यायची मिळून 44 मीटर, म्हणजे 0.136 ओहम. 32 अँपिअरला सुमारे 140 वॅट नुसते भिंत तापवण्यात जाणार. दहाची घेतली तर 82. त्यानं वही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "आप टीचर थीं क्या?" सहा चालली असती, तो चूक नव्हता. पण डबा पाच-सात वर्षांत बदलेल, तार भिंतीत एकदाच जाते. दहाचीच घातली, तिच्या डोक्यावर 40 अँपिअरचा एमसीबी, करंट जास्त झाला की आपणहून पडणारा. शेवटी तारेच्या टोकांना लग दाबून बसवताना मात्र मी त्याच्या डोक्यावर उभी राहिले. प्लग काढून टाकला तरी सैल स्क्रू नावाचा शत्रू घरात राहतोच, फक्त जागा बदलतो. महिन्याभरानं येऊन स्क्रू पुन्हा आवळून जायचं त्याच्याकडून आधीच कबूल करून घेतलं.

आरसीसीबीचं मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. शॉक लागू नये म्हणून घरात ही वस्तू असतेच, पण तिच्या अंगावर एक चिमुकलं चित्र असतं ते कधी निरखून पाहिलं होतं का? आमच्या जुनीवर चौकटीत एकच लाट होती. याचा अर्थ तिला फक्त साध्या एसीची गळती कळते. गाडीच्या बाजूनं थोडी डीसी गळती झाली तर ती आंधळी होते. खरंच शॉक लागायची वेळ आली तर पडेलच याचा भरवसा नाही. लाटेखाली तुटक अर्ध्या लाटा काढलेल्या असतात ती टाइप-ए. डब्यातच सहा मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखायची सोय असेल तर बाहेर 30 मिलिअँपिअरची टाइप-ए पुरते. नसेल तर टाइप-बी, आणि तिची किंमत ऐकून ह्यांनी पाणी मागितलं. डबा निवडताना मी रंग नाही, ॲप नाही, आधी हे विचारत होते. चारातल्या तीन दुकानांत उत्तर मिळालं, "सब आता है मॅडम, आप टेंशन मत लो।" चौथ्या दुकानातल्या पोरानं माहितीपत्रक उघडून ओळ दाखवली. त्याच्याकडूनच घेतला.

आता 'स्मार्ट'. इथे माझं मन अजून पुरतं स्वच्छ नाही. त्यातली एक सोय मला मनापासून पटली. मीटरजवळ मुख्य तारेला एक चिमटा बसवतात, तो घर किती वीज ओढतंय ते मोजत राहतो, आणि एसी, गीझर, मोटार एकदम लागले की डबा आपणहून गाडीचा करंट उतरवतो. ती चौकोनी लहर थोडी बारीक करतो, बस. मंजूर लोड आम्ही वाढवून घेतलाच, पण वाढवाल तितका स्थिर आकारही वाढतो. हा चिमटा असल्यानं जेवढा वाढवायला निघालो होतो त्याहून कमीत भागलं.

दुसरी सोय वेळापत्रकाची. इंटरनेटवरचे सगळे सल्ले रात्री चार्ज करा म्हणतात. ते दिवसा ऑफिसला गाडी नेणाऱ्यांचे सल्ले, आणि बरेचसे थंड मुलखातले. आपल्याकडे केंद्राच्या 2023 च्या नियमांनी उलटा रस्ता धरलाय: दिवसाचे आठ 'सौर तास', त्यात वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्के स्वस्त, आणि मागणीच्या वेळी महाग. पेन्शनरांची गाडी भर दुपारी घरीच असते. म्हणून आमची वेळ अकरा ते चार. मुलानं पुण्याहून ॲपमध्ये ती लावून दिली. ह्यांनी, कुणालाही न सांगता, गाडीच्या स्क्रीनवर रात्री अकरा ते चार लावून ठेवली होती. दुपारी डबा तयार तर गाडी झोपलेली, रात्री गाडी तयार तर डब्याला कुलूप. दोन दिवस दोघं एकमेकांची वाट बघत बसले. शेवटी गाडीतलं वेळापत्रक पुसलं. घरात घड्याळ एकाच्याच हातात हवं.

आणि ॲपचं भय वेगळंच. अमेरिकेत ज्यूसबॉक्स नावाचे घरगुती चार्जर हजारो घरांच्या भिंतींवर होते. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांच्या मालक कंपनीनं तिथला कारभार गुंडाळला आणि ॲपचं पुढे काय, हा प्रश्न लोकांच्या गळ्यात टाकला. सून घरात आली आणि तिच्या माहेरचं नावच पुसलं गेलं म्हणा. म्हणून मी दोन गोष्टी बघितल्या. एक, वायफाय गेलं, ॲप मेलं तरी गन लावली की मुकाट चार्ज व्हायला हवं. दोन, डब्याला ओसीपीपी ही सगळ्यांना मोकळी असलेली बोलीभाषा यायला हवी, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरशीही त्याला बोलता येईल. आमच्या पोर्चमध्ये वायफायची एकच काडी येते, त्यामुळे पहिल्या अटीची परीक्षा रोजच होते.

पोर्च पश्चिमेला उघडतो. मे महिन्यात तिथं चार वाजता उभं राहवत नाही, म्हणून डबा आतल्या आडव्या भिंतीवर, सावलीत घेतला. केबल पाच मीटर, पुरते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सगळं लागलं. इलेक्ट्रिशियननं एमसीबी वर केला, मी गन लावली. 'खट्' ऐकायला सगळे कान टवकारून उभे. डबा लाल.

काढली, लावली. लाल. ॲपमध्ये अर्थ फॉल्ट.

मी दुकानदाराच्या नावानं बोलायला सुरुवात केली होती, पण इलेक्ट्रिशियननं पिशवीतून होल्डरला लावलेला शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब काढला. आरसीसीबीच्या आधीच्या बाजूनं एक तार फेजला, एक न्यूट्रलला, बल्ब लख्ख. मग न्यूट्रलची तार काढून अर्थला लावली. बल्बची तार नुसती तांबूस झाली, राख बसलेल्या निखाऱ्यासारखी. "मॅडम, डब्बा एकदम सही है। आपके घर में अर्थिंग ही नहीं है।"

मला ते लागलं. हे घर 1978 मध्ये अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, उभं राहून बांधून घेतलं. कापड मिलमध्ये इलेक्ट्रिक विभागात त्यांची अख्खी नोकरी झाली. त्यांच्या घरात अर्थिंग नाही? पण मग आठवलं की मार्चनंतर तो जुना विटेएवढा डबाही मधूनच लाल व्हायचा, प्लग हलवला की पुन्हा हिरवा, आणि आम्ही त्याला 'व्होल्टेज' असं नाव देऊन मोकळे झालो होतो.

"अर्थ कहाँ गाड़ा है?" त्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं. आम्ही दोघं अंगणभर फरशीकडे बघत उभे राहिलो.

"त्या कुंडीखाली बघा," आतून आवाज आला. आई काठी टेकत दारात आल्या. "कढीपत्त्याच्या. तिथं अण्णा शनिवारी पाणी घालायचे. दोन बादल्या. होळी झाली की सुरू, पाऊस लागला की बंद. मधूनच मूठ-मूठ मीठही टाकायचे."

"तुम्ही विचारलं नाही कधी?"

"काय विचारायचं? शनिवार, मीठ, कोळसा. मला वाटायचं घराची दृष्ट काढतात."

कोळशाचंही त्यांना आठवत होतं. खड्डा भरताना पोतंभर लोणारी कोळसा आला होता, आणि खडे मीठ. धातूचा पत्रा दीड-दोन मीटर खोल उभा पुरायचा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला पाइप आणि नरसाळं, त्यावर बिडाचं झाकण. जुन्या पद्धतीचं प्लेट अर्थिंग. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीत विरघळून तिला वाहक करतं. सुक्या मिठातून वीज वाहत नाही, हे मी दर वर्षी दोन कांड्या आणि बल्बचा प्रयोग मांडून दाखवत आले. आणि माळव्याची ही काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून बोटभर भेगा टाकते, पत्र्यापासून सुटून मागे सरते. 'पग-पग नीर' म्हणणाऱ्या माळव्यात आता आमच्या बोअरला मेमध्ये हवा येते आणि नळाला एक दिवसाआड नर्मदा. तीसुद्धा जलूदहून सत्तर किलोमीटर, घाट चढून, पंपांच्या जिवावर. महापालिकेनं 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे काढले ते जलूदला 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठीच. म्हणजे या गावात बादलीभर पाणी ओतायचं तरी आधी वीजच लागते.

कुंडी सरकवली. खाली आखीव, राखाडी पेव्हर ब्लॉक. इतर अंगणात होते तसेच.

हे ब्लॉक 2014 मध्ये बसवले. अण्णा जाऊन वर्ष झालं होतं. मला आता ती दुपार नीट आठवली. गवंडी बिडाच्या गंजक्या झाकणावर पाय ठेवून उभा होता आणि विचारत होता, "भाभी, इसका क्या करना है?" नव्या फरशीत ते झाकण फार ओंगळ दिसत होतं. मी म्हटलं होतं, "बंद कर दो।"

हे मी त्या संध्याकाळी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला माहितीय. मी खिडकीतच होते."

चार ब्लॉक काढल्यावर झाकण मिळालं. पाइपच्या तोंडाशी सिमेंटची गुठळी बसली होती, ती फोडली. पाणी ओतलं, आधी वरच थांबलं, मग एकदम खाली गेलं, आणि खालून बराच वेळ गुडगुड आवाज येत राहिला. चार बादल्या गेल्या. इलेक्ट्रिशियननं बल्ब पुन्हा लावला. मघापेक्षा बरा, पण पिवळाच. पत्र्याकडून येणारी लोखंडी पट्टी जोडापाशी गंजून नखाएवढी उरली होती. म्हणून शेजारी नवा खड्डा, तांब्याचा मुलामा दिलेली तीन मीटरची कांडी, पट्टी बदलून दोन्ही अर्थ एकमेकांना जोडले. अर्थ टेस्टरचा काटा पाच ओहमच्या आत आला, तेव्हा त्यानं पहिल्यांदा चहा घेतला.

गन लावली. बारा, नऊ, सहा हे मी मनात मोजत होते. खट्.

नव्या कांडीला पाण्याची गरज नाही, जुनं आता राहू दिलं काय आणि बुजवलं काय, असं तो म्हणाला. ब्लॉक बसवायला आलेल्या गवंड्यानंही तेच विचारलं, या वेळी आईंना. त्या खुर्ची टाकून समोरच बसल्या होत्या.

"झाकण वर ठेव," त्या म्हणाल्या. "आणि कुंडी नको परत त्याच्यावर. आज शनिवार आहे ना गं?"

गुरुवार होता. मी बादली घेऊन आले.